चौकटीची वही

वही साधी आहे. गणिताची, चौकटीची, शंभर पानी. मुखपृष्ठावर नाव, इयत्ता, तुकडी, विषय असे रकाने छापलेले. त्यांतला फक्त विषयाचा रकाना भरलेला आहे आणि तिथे पेन्सिलीने लिहिलंय ‘फेझ’. आतली पहिली पंचवीसेक पानं गच्च आहेत. एका चौकटीत एक याप्रमाणे काढलेल्या खुणा, त्यांच्याखाली इंग्रजी अक्षरं, काही खोडून पुन्हा लिहिलेली. मग बाणांच्या रांगा. मग टेट्रिसमधल्या ठोकळ्यांसारखे आकार आणि कुठला आकार कुठल्या बटणाचा त्याच्या नोंदी. तिच्या आईने दिवाळीच्या साफसफाईत ही वही उघडली तेव्हा तिला वाटलं, लेकीने क्रॉसस्टिचचा नमुना उतरवून घेतलाय. म्हणून रद्दीच्या गठ्ठ्यात न जाता वही भरतकामाच्या डब्यात गेली आणि वाचली.

‘फेझ’ हा व्हिडिओ गेम आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात पॉलिट्रॉन नावाच्या छोट्या कंपनीने तो केला. कल्पना आणि चित्रं फिल फिश यांची, प्रोग्रामिंग रनो बेदार यांचं. २००७मध्ये काम सुरू झालं. १३ एप्रिल २०१२ला तो एक्सबॉक्सवर आला आणि १ मे २०१३ला संगणकावर. त्यात गोमेझ नावाचा गुबगुबीत, पांढरा जीव एका सपाट गावात राहतो. त्या गावात सगळ्यांना लांबी आणि उंची एवढंच ठाऊक आहे. एके दिवशी गोमेझला गोंड्याची लाल तुर्की टोपी मिळते, जिला फेझ म्हणतात, आणि टोपी डोक्यावर आल्यापासून त्याला जगाच्या उरलेल्या बाजू दिसू लागतात. बटण दाबलं की पडद्यावरचं सगळं दृश्य नव्वद अंशांत वळतं. चार बाजू, चार चित्रं. विखुरलेले सोनेरी घन गोळा करत या जगात भटकायचं, एवढाच वरवरचा उद्देश.

चित्रं मुद्दाम जुन्या धाटणीची, मोठमोठ्या चौकोनी ठिपक्यांची आहेत. ती बघून तिला पहिल्यांदा आठवली ती सांगली.

सांगलीतल्या विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत, साधारण २००२ साली, थोरल्या भावाने हट्टाने मिळवलेला ‘टीव्ही गेम’ होता. निन्टेंडोने १९८३मध्ये जपानात काढलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला तेव्हा आपल्याकडे गावोगावच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळायच्या. खेळाच्या कार्ट्रिजला सगळे ‘कॅसेट’ म्हणायचे. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ छापलेलं असायचं आणि यादी खाली सरकवत गेलं की तेच वीस-पंचवीस खेळ पुन्हा पुन्हा भेटायचे. पडद्यावर नुसते पट्टे आले की कॅसेट काढायची, तिच्यात जोराने फुंकर मारायची आणि परत बसवायची. फुंकर मारायचा मान दादाचा. ती सात वर्षांची, तो चौदाचा. पडद्यावर इंग्रजी वाक्य आलं की तो वाचून मराठीत सांगायचा. शब्द अडला की पुढची गोष्ट स्वतःच जुळवायचा. पुढे फिल फिशबद्दल वाचताना तिला कळलं की क्युबेकमधल्या त्या मुलाला त्याचे वडील ‘लेजंड ऑफ झेल्डा’मधलं इंग्रजी फ्रेंचमध्ये सांगायचे. तो परिच्छेद तिने दादाला फोनवर वाचून दाखवला होता.

मारिओ खेळताना तिला एक प्रश्न पडायचा. मागे हिरवे डोंगर दिसतात, त्यांच्या पलीकडे काय आहे? दादा म्हणायचा, काही नाही, टीव्हीची काच आहे. तिला ते पटायचं नाही. त्या मारिओत उजवीकडेच जाता यायचं. मागे पडलेला भाग पडद्याबाहेर गेला की परत तिकडे वळायचीही सोय नव्हती. ती एकटी असली की डोंगराखाली उभी राहून सगळी बटणं एकेक दाबून बघायची.

२०१३च्या ऑगस्टमध्ये ती इंजिनिअरिंगसाठी पुण्याला आली. पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ग्राफिक्स हा विषय होता, सगळे ‘ईजी’ म्हणायचे. पाठीवर गुंडाळलेली शीट, हातात ड्राफ्टर, टूएच पेन्सिल. एखाद्या खाचाखोचांच्या ठोकळ्याचं चित्र दिलेलं असतं आणि तो समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसेल ते काढायचं असतं. डोळ्याला लांबची वस्तू लहान दिसते, तसं या चित्रांत होत नाही. इथे खोली पूर्ण पुसली जाते. पुढचा कठडा आणि त्याच्या कितीतरी मागचा कठडा समोरून बघताना एकाच रेषेवर येतात, जणू एकमेकांना चिकटलेले. सर फळ्यावर समजावत होते आणि तिच्या डोक्यात ते शिरत नव्हतं.

सप्टेंबरात हॉस्टेलमधल्या एका सीनियर ताईने ‘हंबल इंडी बंडल ९’ विकत घेतलं. या बंडलला ठरलेली किंमत नसायची. आपल्याला वाटेल ती द्यायची, पण सगळ्यांच्या सरासरीपेक्षा जास्त दिली तर आणखी काही खेळ मिळायचे. त्या जास्तीच्या खेळांत ‘फेझ’ होता. ताईला स्वतःला ‘एफटीएल’ हवा होता. ‘फेझ’ तिने मजल्यावरच्या मुलींसाठी लॅपटॉपवर टाकून दिला.

तिला ती रात्र नीट आठवते. गोमेझ एका बुरुजाच्या कडेवर उभा होता. पुढची फळी एवढी लांब की उडी पोचणं शक्य नाही. तिने बटण दाबलं, बुरूज वळला, आणि बाजूने बघताना ती फळी गोमेझच्या पायाला लागून होती. मधलं अंतर होतं ते खोलीतलं, आणि या बाजूने खोली दिसतच नव्हती. गोमेझ नुसता चालत पलीकडे गेला. तिने परत वळवलं तर तो खरोखरच पलीकडे होता. ‘फेझ’चा सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे: जे दिसतं तेच खरं धरायचं, आणि कुठून बघायचं ते आपण ठरवायचं. तिने लॅपटॉप तसाच ठेवून ईजीचं पुस्तक उघडलं. रात्री दोन वाजता तिला ‘साइड व्ह्यू’ कळला.

मजल्यावर या खेळाबद्दल आठवडाभर चर्चा चालली, आणि खेळाडूंची मतं किती वेगवेगळ्या जागेवरून येतात हे तिला तिथे पहिल्यांदा दिसलं. रूममेटला तो कंटाळवाणा वाटला. शत्रू नाहीत, बंदूक नाही, पडलं तरी गोमेझ पुन्हा आधीच्या फळीवर उभा. चुकीला शिक्षाच नसेल तर जिंकल्यासारखं वाटायचं कसं, हा तिचा सवाल. समोरच्या खोलीतली लातूरची मुलगी म्हणाली, तिला दिवसभराच्या सबमिशननंतर नेमकं हेच हवं होतं, जिथे कुणी मागे लागत नाही. एकीला फक्त संगीत आवडलं. ते रिच व्रीलँड यांचं, ‘डिझास्टरपीस’ या नावाने केलेलं. जुन्या सिंथेसायझरचे लांबत, विरत जाणारे सूर, आणि एका ठिकाणी शोपँचं एक प्रेल्यूड त्याच वाद्यमेळात बसवलेलं. ती मुलगी अभ्यास करताना गोमेझला एका झाडाखाली उभा करून ठेवायची. आणि नकाशाला सगळ्याच नावं ठेवायच्या. ‘फेझ’चा नकाशा म्हणजे हवेत तरंगणारे घन आणि त्यांना जोडणाऱ्या काड्या. आपण कुठून आलो, कुठलं दार राहिलं, हे त्यावरून सापडवणं फार त्रासाचं. जगभरच्या समीक्षकांनीही याच नकाशावर आणि पुन्हा पुन्हा त्याच वाटेने मागे जाण्यावर बोट ठेवलं होतं. हा दोष खराच आहे. खेळावर जीव असलेल्यांनीही तो झाकू नये.

बत्तीस घन जमले की शेवटाचं दार उघडतं. सोनेरी घन बहुतेक सगळ्यांना सापडतात. पण त्यांच्या जोडीला बत्तीस ‘प्रतिघन’ आहेत, आणि खरं कोडं तिथे सुरू होतं. भिंतींवर कोरलेली चौकोनी अक्षरं आहेत, ती शोभेची नक्षी नसून लिपी आहे. आकडे आहेत, तेही वेगळ्या खुणांचे. टेट्रिसच्या ठोकळ्यांचे आकार खांबांवर दिसतात, त्यांतला प्रत्येक आकार म्हणजे एक बटण. काही भिंतींवर क्यूआर कोड रंगवलेत, मोबाइलने ते वाचले की बटणांचा क्रम मिळतो. एका खोलीत तर एक्सबॉक्सचा कंट्रोलर हातात थरथरतो, कधी डाव्या बाजूने, कधी उजव्या, आणि ती थरथर हाच निरोप असतो. खेळात हे कुणी समजावून सांगत नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तरच पुढे जाता येतं.

हॉस्टेलमध्ये कागद-पेन्सिल कुणी घेतली नाही. तिनेही नाही. ईजीच्या शीट पुऱ्या करायला तिथे एक जुनी रीत होती, ग्लास ट्रेसिंग. टेबलावरची काच दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायची, खाली दिवा लावायचा, काचेवर सीनियरची पूर्ण झालेली शीट आणि तिच्यावर आपला कोरा कागद. उजेडात खालच्या रेषा वर दिसतात, त्या गिरवायच्या. ‘जीटी मारली’ असं म्हणायचे. ‘फेझ’चं तिने तेच केलं. एका टॅबमध्ये उत्तरांची यादी, दुसरीकडे खेळ. वर, वर, डावीकडे, उडी, प्रतिघन हजर. बत्तीसच्या बत्तीस आठवडाभरात मिळाले. लिपीतलं एक अक्षरही तिला कळलं नव्हतं. कुणी विचारलं तर सांगायची, ठीक आहे, थोडा लांबवलाय. हे मत तिने चार-पाच वर्षं बाळगलं. ज्याने उत्तरं गिरवली त्याला खेळ लांबलेलाच वाटणार, कारण त्याच्या वाट्याला नुसती ये-जा आलेली असते.

त्या यादीच्या शेवटी एक नोंद होती, आणि फक्त तिच्यापाशी ती थबकली होती. काळ्या, उभ्या, गुळगुळीत शिळेची नोंद. बटणांचा क्रम दिला होता, पण तो तसाच का, यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

या काळ्या शिळेची हकिकत ‘फेझ’च्या खेळाडूंना पाठ असते. एप्रिल २०१२मध्ये खेळ आला आणि पहिल्या काही दिवसांतच जगभरच्या लोकांनी मिळून लिपी सोडवली, आकडे सोडवले, ठोकळ्यांची भाषा सोडवली. उरली शिळा. तिच्यासमोर कुठला क्रम दाबायचा याचा निर्विवाद धागा कुणाच्या हाती लागेना. शेवटी शेकडो अनोळखी माणसांनी शक्य असलेले क्रम आपसांत वाटून घेतले आणि एकेक करून दाबत सुटले. खेळ आल्यापासून आठवडाभरातच एक क्रम लागू पडला, शिळा फुटली, आत लपलेला लाल हृदयाचा तुकडा मिळाला. कुलूप उघडलं, पण हजार किल्ल्या लावून. ती किल्ली कुठे ठेवलेली होती हे मागाहून शोधायचा प्रयत्न चालू राहिला, तर्क निघाले, काही फार हुशारीचे होते, तरी सगळ्यांनी मान्य करावं असं कारण पुढे आलं नाही.

यावर खेळाडूंचे जे तट पडले ते अजून मोडलेले नाहीत. काहींच्या मते ही सरळ फसवणूक होती. कोडं सोडवायचं असतं, दमवून दमवून बोलतं करायचं नसतं. काहींना हाच खेळातला सर्वांत सुंदर क्षण वाटतो, कारण एकट्याने न होणारी गोष्ट अनोळखी माणसांनी मिळून केली. आणखी एक गट निर्मात्यांवर नाराज: एवढी प्रामाणिक कोडी रचल्यावर शेवटचं असं अर्धवट का सोडलं? हॉस्टेलच्या काळात ती दुसऱ्या गटात होती, कारण त्या गोष्टीत माणसं होती. आज तिला त्या पहिल्या आठवड्यातल्या लोकांचा हेवा वाटतो, आणि तो वेगळ्या कारणासाठी. त्यांच्या दुसऱ्या टॅबमध्ये काहीच नव्हतं.

खेळाबद्दलची मतं आणि तो करणाऱ्याबद्दलची मतं यांचा गुंता ‘फेझ’इतका फार थोड्या खेळांच्या वाट्याला आला असेल. २००८च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये त्याच्या चित्रांना पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर चार वर्षं लोक ‘कधी येणार’ विचारत राहिले. ‘इंडी गेम: द मूव्ही’ या २०१२च्या माहितीपटात फिश यांची ती वर्षं दिसतात: पुन्हा पुन्हा नव्याने काढलेली चित्रं, भागीदाराशी तुटलेले संबंध, प्रदर्शनात अडकून बंद पडणारा खेळ. २०१२ला त्याच महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार ‘फेझ’ला मिळाला, युरोगेमरने त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळ म्हटलं, २०१३ संपेपर्यंत दहा लाख प्रती विकल्या गेल्या. आणि त्याच २०१३च्या जूनमध्ये जाहीर झालेला दुसरा भाग फिश यांनी जुलैत, समाजमाध्यमावर झालेल्या एका वादानंतर, रद्द केला आणि ते या व्यवसायातून बाहेर पडले. त्या वादांत कोण किती चुकलं याचा हिशोब मांडणारे पुष्कळ आहेत. पण पाच वर्षं एका गोष्टीवर काम केलेल्या माणसाला उठता-बसता अनोळखी लोकांनी बोलावं, हे काही खेळावरचं मत नव्हे. तिने हे सगळं खेळ संपवल्यानंतर वाचलं. गोमेझ पुन्हा येणार नाही याचं तिला वाईट वाटलं, आणि ज्या खेळाला आपण ‘ठीक’ म्हणालो तो इतक्या त्रासातून आला होता, याचंही.

तिचं मत बदललं ते मात्र वेगळ्याच दाराने.

आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले कागद होते. जमिनीचे असावेत, एवढंच घरात ठाऊक. आजोबांना स्वतःला मोडी येत होती, त्यांच्या शाळेत शिकवली जायची. पण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती व्यवहारातून गेली आणि घरातही त्यांच्यामागे कुणी शिकलं नाही. ते गेल्यावर कागद नुसते काळ्या वेटोळ्यांचे राहिले. २०१८ साली ती हिंजवडीत नोकरी करत होती. रविवारी सकाळी मोडीचा एक वर्ग चालतो असं कळलं आणि तिने नाव घातलं. मोडीत आधी ओळभर सलग रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं गुंफत जातात, त्यामुळे शब्द कुठे तुटतो हेच नवख्याला दिसत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अनोळखी कागदात आधी ओळखीचं शोधा. गावाचं नाव, तालुका, साल, आणि सरकारी मजकुरात हटकून येणारे ठरावीक शब्द. तेवढं सापडलं की त्यांतली अक्षरं हाती लागतात, आणि त्या अक्षरांनी पुढची.

तिसऱ्या रविवारी तिने आजोबांच्या कागदावर गावाचं नाव वाचलं. कुणी सांगितलं नव्हतं. ‘मिरज’मधला ‘र’ तिला आधी दिसला, मग बाकीची दोन अक्षरं आपोआप जागेवर आली. बसमधून परत येताना तिला ‘फेझ’ आठवला. त्या भिंती आठवल्या. तिथेही लिपी होती आणि आपण तिच्यावरून नुसतं चालत गेलो होतो.

स्टेशनरीच्या दुकानातून तिने चौकटीची वही घेतली ती त्या संध्याकाळी. जुन्या यादीतली उत्तरं लक्षात राहायची भीती नव्हती. यादीत बटणं दिलेली होती, कारणं नव्हती, आणि कारणाशिवायची बटणं कुणाच्या पाच वर्षं लक्षात राहतात?

पहिले आठ-दहा दिवस तिने फक्त उतरवून घेतलं. प्रत्येक भिंतीवरची प्रत्येक खूण, एका चौकटीत एक. खेळातली अक्षरं चौकोनात बसणारी असल्याने ती वही जणू त्यांच्यासाठीच छापली होती. किती वेगळ्या खुणा आहेत ते तिने मोजलं, चोवीस भरल्या. इंग्रजी अक्षरं सव्वीस. म्हणजे कुठेतरी दोन जोड्या एकेका खुणेवर भागवत असणार. पण सुरुवात कुठून करायची? गावाचं नाव कुठलं शोधायचं?

मग ती त्या जागी पोचली जिथे एक कुत्रा सुस्त पडलेला आहे, एक कोल्हा त्याच्यावरून उड्या मारतोय आणि शेजारच्या दगडावर ओळी कोरलेल्या आहेत. २०१३मध्येही ती इथून गेली होती, तेव्हा तिला तो गंमतीचा देखावा वाटला होता. आता बघताना तिच्या कानात आईचा आवाज आला. लग्नाआधी आई सांगलीत इंग्रजी टायपिंगच्या क्लासला जायची, तीसची परीक्षा पास झाली होती, आणि भाजी निवडता निवडता सुद्धा तिची बोटं ताटाच्या कडेवर चालायची. त्या सरावातलं एक वाक्य तिला तोंडपाठ होतं. ज्यात इंग्रजीची सगळी अक्षरं येतात ते, चपळ कोल्ह्याचं आणि आळशी कुत्र्याचं.

तिने लगेच घरी फोन लावला. ‘आई, तुझं ते टायपिंगचं वाक्य सांग, एकेक अक्षर सावकाश सांग.’ आईने काही न विचारता सांगितलं. ती चौकटींत एकेक अक्षर भरत गेली. शब्दांच्या लांबी जुळल्या. के आणि क्यू एका खुणेवर आले, यू आणि व्ही दुसऱ्या. पान पुरं झालं तेव्हा तिच्या हाती सगळी वर्णमाला होती, आणि फोनवर आई विचारत होती, ‘अगं, कसला फॉर्म भरतेयस?’

त्यानंतरचे दोन महिने तिच्या आयुष्यातल्या आनंदाच्या दिवसांत मोडतात. ऑफिसची बस हिंजवडीच्या वाहतुकीत अडकायची आणि ती मांडीवर वही घेऊन वाचत बसायची. भिंती बोलू लागल्या होत्या. काही मजकूर साधा निघायचा, काही अर्ध्यात तुटायचा, पण प्रत्येक ओळ तिने स्वतः उलगडलेली होती. प्रतिघन मिळाला की आधी ‘हां, पुढे’ वाटायचं, आता ती वही मिटून दोन मिनिटं खिडकीबाहेर बघायची. खेळ तोच होता. बिंदूही हललेला नव्हता. पण आता विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की हा तिने खेळलेला सर्वांत मोठा खेळ आहे, आणि ‘लांबवलाय’ म्हणणाऱ्यांशी तिने वाद घातला असता.

त्याच वर्षी पावसाळ्यात तिचा लॅपटॉप बंद पडला आणि हार्ड डिस्कबरोबर सगळी प्रगती गेली. ‘फेझ’च्या इतिहासात ही जखम जुनी आहे. जून २०१२मध्ये एक्सबॉक्सवर आलेल्या सुधारित आवृत्तीने बऱ्याच चुका दुरुस्त केल्या, पण काही खेळाडूंच्या साठवलेल्या फाइली त्यात खराब झाल्या. पॉलिट्रॉनने ती मागे घेतली, आणि जुलैत तीच आवृत्ती पुन्हा दिली, कारण नव्याने तपासणी करून घ्यायला मायक्रोसॉफ्टचं मोठं शुल्क पडत होतं. असा फटका बसलेले खेळाडू एक टक्क्याहूनही कमी असल्याचं कंपनीचं म्हणणं होतं. त्या एक टक्क्यातल्यांची मतं वाचताना तिला नेहमी वाटतं की आकड्याने त्यांचं समाधान व्हायचं कारणच नव्हतं. प्रत्येकाचं तर शंभर टक्के गेलं होतं. तिच्या बाबतीत मात्र वही होती. नव्या लॅपटॉपवर तिने चार संध्याकाळींत सगळं परत उभं केलं. गिरवलं तर हेही गिरवणंच, पण खालची शीट तिची स्वतःची होती.

वहीच्या शेवटच्या पानावर वर ‘काळा दगड’ लिहिलंय आणि खाली पान कोरं आहे. त्या शिळेचा क्रम तिने आजवर दाबलेला नाही. एका शोधात सापडेल हे तिला ठाऊक आहे. मधूनमधून ती पेन्सिल घेऊन त्या पानाशी बसते, दोन-चार तर्क शेजारच्या पानावर करून बघते. बाकी सगळ्या जगाने सोडून दिलेल्या कोड्यावर कुणीतरी अजून शांतपणे बसलेलं असावं, हे चांगलं आहे.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात दादाचा मुलगा नागपूरहून पंधरा दिवस राहायला आला. दहा वर्षांचा. तिने त्याला ‘फेझ’ लावून दिला आणि काही न बोलता शेजारी बसली. तिला जे कळायला ईजीची शीट लागली होती ते त्याला क्षणात कळलं. माइनक्राफ्टमध्ये घनांचंच जग बांधत वाढलेला मुलगा, त्याला वस्तूच्या मागे बाजू असते हे सांगावं लागलं नाही. त्याची मतं भराभर येत होती. पडल्यावर मरत नाही हे छान. नकाशा फार वाईट. दारांवर खुणा असायला हव्या होत्या. घुबडं आवडली. संगीत झोप आणणारं. मग एकदा तो थांबला आणि म्हणाला, ‘आत्या, हे भिंतीवर काहीतरी लिहिलंय ना?’

तिने कपाटातून कोरी वही काढून दिली. जुनी दाखवली नाही.

सुट्टी संपून तो परत गेला तरी खेळ चालूच राहिला, आता नागपूरच्या घरातल्या लॅपटॉपवर. तिथे तो घड्याळाच्या मनोऱ्यापाशी पोचला. त्या मनोऱ्यावरचे काटे आपल्या जगातल्या खऱ्या वेळेने फिरतात. एका काट्याचा प्रतिघन मिनिटाने मिळतो, दुसऱ्याला तास लागतो, आणि सगळ्यात संथ काट्यासाठी दिवस मोजत बसावं लागतं. ठरावीक वेळीच घन दिसतो. हुकला तर पुढच्या फेरीपर्यंत थांबा. बहुतेक खेळाडू यंत्राचं घड्याळ पुढे सारतात आणि घन घेऊन मोकळे होतात. यावरही दोन तट आहेतच: एकांच्या मते घड्याळ पुढे सारणं हेच त्या कोड्याचं हुशार उत्तर आहे, दुसऱ्यांच्या मते थांबणं. दादाने मुलाला पहिला मार्ग सुचवला. सेटिंगमध्ये जा, तारीख बदल, झालं.

मुलाने फोन करून आत्याला विचारलं, तू काय केलं होतंस? ती म्हणाली, पहिल्यांदा तारीख बदलली होती, दुसऱ्यांदा थांबले. मग तो बराच वेळ काही बोलला नाही. तिला पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. शेवटी त्याने तिला हिशोब करायला लावला की संथ काटा नेमका कधी जागेवर येईल. दोघांनी आपापल्या वह्यांत आकडेमोड केली, एकमेकांची तपासली. उत्तर रविवारी पहाटे पाच पन्नासचं आलं.

शनिवारी रात्री तिने मोबाइलवर गजर लावला. नावाच्या जागी लिहिलं, ‘संथ काटा, नागपूर’. गजर पावणेसहाचा होता. फोन त्याच्या दोन मिनिटं आधी वाजला. पलीकडे मुलगा कुजबुजत होता, कारण घरात सगळे झोपलेले होते, आणि त्याच्यामागे दादाचा झोपाळू आवाज येत होता, ‘अरे, मला पण बघू दे, जरा सरक.’